एड्राचा जबडा

वाऱ्याच्या कोणत्या बाजूला बसायचं हे हुर्तोला बरोबर कळायचं. त्याचं सगळं आयुष्य तेच करण्यात चाललं होतं. बेटाच्या पश्चिम कड्यावर, जिथं खाली समुद्र सारखा धडका देत असतो, तिथं मड्यांचा ओटा होता. माणूस गेलं की त्याला त्या ओट्यावर आणून निजवायचं. मग गरुड येत, ऊन येई, खारा पाऊस येई, आणि ज्याच्या त्याच्या अंगाप्रमाणे कधीतरी हाडं पांढरी निघत. ती गोळा करून पूर्वजांच्या थोरल्या घरात न्यायची. तोवर राखण हुर्तोची. गरुडांना मज्जाव नव्हता. ते मांस वर नेतात आणि हाडं खाली ठेवतात. कुत्र्यांचं तसं नाही. ती हाडच उचलतात. कुत्र्यांना हाकलायचं, बस, एवढंच काम.

‘एवढंच काम’ हे शब्द गावाचे. हुर्तोची आई तुवा जिवंत होती तेव्हा ती ते उलटवून म्हणायची, “गावात आपल्याला शेकोटीजवळ कुणी सरकून जागा देत नाही. पण आत जाताना सगळे आपल्याच हातून जातात, हे विसरू नकोस.” हाडं समुद्राच्या पाण्यानं धुवायची, गोड्या पाण्यानं नाही, हे तिनं त्याला शिकवलं. बोटांची हाडं मुठीत धरून न्यायची, टोपलीत टाकायची नाहीत, हेही. ती गेली तेव्हा तिची राखण त्यानंच केली आणि जुन्या थोरल्या घराच्या अगदी मागच्या कप्प्यात त्यानंच तिला ठेवलं. बाकीच्यांची हाडं पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांत मिसळून गेली होती, तशी ती मिसळायचीच असतात. आईचा जबडा मात्र त्यानं उभ्या फरशीला टेकवून वेगळा ठेवला होता. हे बरोबर नव्हतं, त्याला ठाऊक होतं. पण कुणी बघत नव्हतं.

त्याला कुणी मुलगी दिली नाही. किनाऱ्यावर शिंपले वेचणाऱ्या बायका तो आला की बोलणं न थांबवता सगळ्या मिळून वाऱ्याच्या वरच्या अंगाला सरकत. त्याचं त्याला वाईट वाटत नसे. वाईट वाटायचं ते दोराचं.

टेकडीवर नवं थोरलं घर उठत होतं. जुनं भरलं होतं. एकेक शिळा खाणीच्या काठावरून सुटी करायची, लाकडी घसरगाडीवर चढवायची, वाटेवर ओल्या समुद्रशेवाळाचा जाड थर घालायचा आणि गवताच्या वळलेल्या दोरांनी सगळ्या गावानं मिळून ओढत न्यायची. लंगडे, म्हातारे, पोटुशा बायकासुद्धा दोराला हात लावून जात. दोर लागलेल्या तळव्यांना घट्टे पडत आणि जवाची पेज पिताना माणसं ते घट्टे एकमेकांना दाखवत. हुर्तोला ओटा सोडायची परवानगी नव्हती. ओट्यावर कुणीतरी असायचंच.

“दाखव की रे तुझे हात,” कोर्गन आबा एकदा म्हणाला होता. कोर्गन गावात सगळ्यांत म्हातारा, आणि त्याच्या जिभेला म्हातारपण शिवलं नव्हतं. “पोरीच्या गालासारखे आहेत. आम्ही दगड ओढून मरायचं आणि तू आयत्या पिठावर रेघोट्या ओढणार.”

सगळे हसले. हुर्तोही हसला आणि त्यानं हात मांडीखाली घेतले.

सोबतीला त्याची एक कुत्री होती. राखाडी, एका कानानं अधू. कुणीतरी पिल्लं बुडवायला नेत होतं, त्यातलं एक त्यानं मागून घेतलं. मड्यांच्या राखणीला कुत्री, हे ऐकून लोकांनी कपाळावर हात मारले होते. पण तिच्या वासानं बाहेरची कुत्री ओट्याकडं फिरकेनाशी झाली, हे खरंच होतं. तिला तो सीलच्या कातड्याच्या वादीनं एका भोकाच्या दगडाला बांधून ठेवी. वादी ओट्यापर्यंत पोचत नसे. तिला नाव नव्हतं. ‘ए बये’ म्हटलं की ती शेपूट हलवायची, तेवढ्यावर दोघांचं भागत होतं.

त्या वर्षी ओट्यावर एकच मयत होतं, ते एड्राचं.

एड्रा म्हणजे दोराचा आवाज. शिळा ओढताना ती पुढं उभी राहून हाळी घालायची. तिच्या हाळीवर पाय उचलत, तिच्या हाळीवर दम धरत. नव्या घराची एकही भिंत अशी नव्हती जिची शिळा तिच्या आवाजावर चालत आली नव्हती. थंडीत तिला खोकला झाला आणि ती गेली. नव्या घरात पहिलं माणूस तीच जाणार, हे कुणी ठरवावं लागलं नाही. पहिलं माणूस धडपुरं हवं. हाडांत काही कमी असलं तर एक वेळ चालेल, पण जबडा हवाच. जबड्याशिवाय मेलेलं माणूस ऐकतं, बोलत मात्र नाही. पहिलंच माणूस मुकं असेल तर मागून येणाऱ्यांना आत हाक कोण मारणार?

उन्हाळ्यापर्यंत एड्रा जवळजवळ पांढरी झाली होती. आता थोडेच दिवस. आणि दारावरच्या आडव्या शिळेचा दिवस आला.

ती शिळा सगळ्यांत लांब होती. ती दारावर बसली की घर बंद होणार, मग माती चढवायची. आईच्या जागी आता ओल्वे हाळी घालत होती. ओल्वे एड्राची मुलगी. आवाज तिच्यात आईचाच होता, फक्त जरा घाबरा. कड्यावरून हुर्तोला ती हाळी ऐकू येत होती. तो एड्राजवळ बसून नकळत टाच आपटत होता.

उताराच्या मधोमध हाळी थांबली. मग ओल्वे धावत कड्याकडं येताना दिसली, केस तोंडावर आलेले.

“हुर्तोदादा, वादी आहे का कातड्याची? पुढचा दोर सुटतोय. शिळा मागं सरकली तर माणसं जातील खाली.”

त्यानं विचार केला नाही. तो उठला, कुत्रीच्या गळ्यातली वादी सोडली, दगडातून ओढून काढली. “ए बये, बस इथं,” म्हणाला. ती बसली. वादी ओल्वेच्या हातात देऊन त्याला मागं फिरता आलं असतं. त्यानं ती आपल्याच हातात ठेवली आणि ओल्वेच्या पुढं पळाला.

वादी बांधली, गाठ बसली. पुढच्या रांगेतला एकजण दम लागून बाजूला झाला होता, त्याची जागा रिकामी होती. कुणी हुर्तोला ‘ये’ म्हणालं नाही, आणि ‘जा’ही म्हणालं नाही. त्यानं दोर धरला.

पुढं काय झालं ते त्याला नीट आठवत नसे, पण अंगाला आठवे. पायांखाली शेवाळाचं गार बुळबुळीत लिबलिबणं. पुढच्या माणसाची घामेजलेली पाठ. ओल्वेची हाळी आणि तिच्याबरोबर सगळ्यांचा एकच श्वास. शिळा हलली तेव्हा ती दोरातून त्याच्या खांद्यात आली, जणू कुणी मोठ्या जनावरानं कूस बदलावी. संध्याकाळी ती दारावर बसली. कोर्गन आबानं त्याचे तळवे उघडून बघितले. कातडी सोलून निघाली होती.

“झाला बाबा पुरुष,” आबा म्हणाला. “वादी नसती तर आज तुझ्या ओट्यावर गर्दी झाली असती.”

मेंढीचं मांस भाजलं होतं. बायकांनी सरकून जागा दिली. हुर्तो बसला. चरबीनं माखलेली बोटं चाटत तो बसला आणि उठायचं त्याच्या मनात आलंच नाही. उन्हाळ्यात तिकडं अंधार असा पडतच नाही, त्यामुळं उशीर झालाय हेही कळलं नाही.

परतला तेव्हा कुत्री ओट्याच्या पायथ्याशी पोटावर पडली होती. त्याला पाहून तिनं शेपूट हलवली. पुढच्या दोन पंजांत काहीतरी धरलं होतं. तो जवळ गेला. जबड्याचा मागचा कोपरा, जिथं हाड कानाखाली वळतं, तेवढाच उरला होता. बाकीचं तिनं खाल्लं होतं.

त्यानं तिला मारलं नाही. मारावं असं वाटण्याइतकाही त्याचा हात त्याचा राहिला नव्हता. त्यानं ओट्यावर चढून पाहिलं. कवटी एका अंगावर कलंडलेली, वरचे दात उघडे. एड्रा जणू हाळी घालायला तोंड उघडायला गेली आणि तेवढ्यात कुणीतरी ते काढून नेलं. तो तुकडा त्यानं कड्यावरून समुद्रात टाकला. टाकल्यावर कळलं की तोही ठेवायला हवा होता.

सकाळी सगळं गाव थकून झोपलं होतं. तो जुन्या थोरल्या घरात रांगत शिरला. मागच्या कप्प्यात आईचा जबडा जिथल्या तिथं होता. तो घेताना त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. हातानंच चाचपला, कोपरानं बाजूच्या चारदोन कवट्या लवंडल्या, तशाच टाकून तो बाहेर आला. समुद्राच्या पाण्यानं धुतला. एड्राच्या कवटीखाली बसवला. जवळजवळ बसला.

हाडं न्यायच्या दिवशी सगळ्यांनी अंगाला तांबडी माती लावली. नव्या घराच्या बोळात माणसं एकामागं एक वाकून बसली आणि हाडं हातोहात आत जाऊ लागली. पहिल्यांदा पाय, मग पाठ, मग हात. प्रत्येक हाडाला नाव घ्यायचं, “एड्राचा पाय येतोय,” “एड्राचा खांदा येतोय.” राखणदाराची जागा बोळाच्या आतल्या टोकाला, कोठीच्या तोंडाशी. आत एकटी ओल्वे. ती घेत होती आणि मांडत होती. शेवटी कवटी गेली. आणि शेवटचा जबडा.

जबडा ठेवला की मुलीनं आईला हाक मारायची. कोठी अशी बांधलेली असते की बरोबर सुरात हाक गेली की भिंती हुंकार देतात. तो हुंकार म्हणजे मेलेल्याचं उत्तर. बाहेर सगळे त्याच्यासाठी कान लावून होते.

हाक आली नाही.

हुर्तोला अर्धवट उजेडात ओल्वेचे हात दिसत होते. ती अंगठा दातांवरून फिरवत होती. एड्रा जन्मभर दातांनी चामडं चघळून मऊ करायची, तिचे पुढचे दात झिजून हिरड्यांशी आले होते. तुवानं चामडं कधी चघळलं नव्हतं. मड्यांच्या राखणदारणीकडं चामडं कोण देणार? तिचे दात शेवटपर्यंत शाबूत होते. हे हुर्तोला आत्ता, इथं बसल्यावर आठवलं.

“हुर्तोदादा,” ओल्वे हळूच म्हणाली. “हे कुणाचं आहे?”

‘तुझ्या आईचं’ असं म्हणता आलं असतं. तिनं कदाचित मानलंही असतं. मानायला तिलाही बरं पडलं असतं. पण तिच्या आवाजात राग नव्हता. खाली पडलेली वस्तू ‘तुझी का’ म्हणून विचारावी तसं तिनं विचारलं होतं.

“माझ्या आईचं,” तो म्हणाला.

तो पुटपुटला होता. पण बोळ कुजबुजसुद्धा धरून बाहेर नेतो; बांधणाऱ्यांनी तो तसाच बांधलेला असतो. त्याच्या मागच्या माणसानं ऐकलं, त्याच्या मागच्यानं ऐकलं, आणि बाहेर टेकडीवर मुलं कडेवर घेऊन उभ्या असलेल्या बायकांनीही ऐकलं. बोळातली माणसं एकेक करून मागं सरकत बाहेर निघाली. सगळ्यांत शेवटी तो निघाला, पाठमोरा, रांगत. बाहेर आल्यावर पहिल्यांदा लोकांना त्याचे पायच दिसले असतील.

त्यानं सगळं सांगितलं. वादी, दोर, मेंढीचं मांस, कुत्री. सांगताना त्याच्या लक्षात आलं की वादीपर्यंतचा भाग तो जरा सावकाश सांगतोय, म्हणून त्यानं पुढचं भराभर सांगून टाकलं.

“कुंपणानंच शेत खाल्लं,” कोर्गन आबा म्हणाला.

“आबा, वादी मीच मागितली होती,” ओल्वे म्हणाली.

“तू वादी मागितलीस. माणूस नव्हता मागितला.”

“याला ओट्यावरून काढा,” मागून कुणीतरी म्हणालं.

“काढतो. उद्यापासून तू बसतोस का?” आबानं विचारलं. तो माणूस खाली बघू लागला. “मग गप. दुसरं कोण बसणार तिथं?”

म्हणजे शिक्षा झालीच नाही. हुर्तोला ती हवी होती. मार, हाकलणं, काहीतरी अंगावर घेऊन मोकळं होण्यासारखं. त्याऐवजी तो लागत होता म्हणून त्याला ठेवला.

मग आबा ओल्वेकडं वळला. “तुझ्या आईचं काय करायचं पोरी?”

ओल्वेनं तुवाचा जबडा दोन्ही हातांनी हुर्तोकडं धरला. “हे घेऊन जा. जिथून काढलंस तिथं ठेव.” मग म्हणाली, “माझ्या आईचं तोंड तुझ्या कुत्रीत आहे ना? मग कुत्री आत येईल.”

“कुत्री?” दोघंतिघं एकदम म्हणाले.

“तोंड जिथं आहे तिथून आणायचं. दुसरं काय आणणार?”

आबानं बराच वेळ दाढी खाजवली. मग मान हलवली.

हुर्तोनं कुत्रीला खाडीच्या उथळ पाण्यात नेलं. हाड मोडायला नको होतं. तो तिला तिथं नेहमी धुवायचा, म्हणून ती आपणहून पाण्यात शिरली. त्याविषयी तो कधी बोलला नाही, म्हणून इथंही तेवढंच.

ओट्यावर कुत्री निजवायची म्हटल्यावर कुरकुर झालीच. “आमच्या बापाच्या जागी कुत्री?” ओल्वे एवढंच म्हणाली, “माझी आई आहे ती. निजू दे.” मग हुर्तो पुन्हा वाऱ्याची बाजू धरून बसला आणि आपल्या कुत्रीची राखण करू लागला. बाहेरची कुत्री आता धीट झाली होती, दिवसभर दगड मारावे लागत. गावातले काही जण मुद्दाम वाट वाकडी करून बघायला येत. ते काही बोलत नसत. कोर्गन आबाची जीभसुद्धा त्याच्यासमोर गप्प राहू लागली. त्या टोमण्यांत आपण गावातले होतो, हे त्याला तेव्हा कळलं.

मधल्या काळात तो आईचा जबडा घेऊन जुन्या घरात गेला. लवंडलेल्या कवट्या त्यानं उभ्या केल्या, पण कोणती कुठं होती हे सांगता येईना. फरशीचा तो कोपराही नक्की सापडेना. शेवटी त्यानं जबडा इतर हाडांतच ठेवला, जसा पहिल्यापासून ठेवायला हवा होता.

कुत्रीची हाडं निघाली तेव्हा गाव पुन्हा बोळात बसलं. “कुत्रीचा पाय येतोय” म्हणायची वेळ आली तेव्हा एका पोरगेल्या बाईला हसू फुटलं, शेजारणीनं तिला कोपरखळी मारली. शेवटी कवटी आली, जबड्यासकट. ओल्वेनं ती दोन्ही हातांनी घेतली, आईची घेतली होती तशीच, आणि एड्राच्या कवटीला लागून ठेवली.

“नाव काय हिचं?” तिनं विचारलं.

“नाही ठेवलं.”

“नावाशिवाय आत जागा नाही, दादा.”

नाव ठेवायला आता त्याचं तोंड कुठं होतं? ओल्वेनं स्वतःच हाक मारली. “एड्रा, आणि हुर्तोची कुत्री, जिच्यापाशी एड्राचं बोलणं आहे.”

भिंतींनी हुंकार दिला. बाहेर बायका रडू लागल्या, मोकळ्या झाल्या. हुर्तो बोळात वाकून बसला होता, तो तसाच राहिला. त्याचं नाव आत गेलं होतं. तो जिवंत होता, आणि त्याच्या चुकीला दगडाच्या घरात कायमची जागा मिळाली होती.

दर वर्षी जव पेरण्याआधी सगळी नावं घेतली जातात. एड्रापासून सुरुवात होते. दर वर्षी हुर्तो लोकांच्या मागं, मान खाली घालून, त्या नावाची वाट बघत उभा राही आणि ते येऊन गेलं की निघून जाई. कोर्गन आबा गेला. त्याची राखण हुर्तोनं केली, डोळ्याला डोळा लागू न देता. त्या दोराच्या दिवशी दोर धरलेले बहुतेक जण एकेक करून त्याच्याच हातून आत गेले. मागून आलेल्यांना नाव तेवढं ऐकू येई. कुठली कुत्री, काय झालं होतं, हे कुणी सांगत नसे. ओल्वेनं तर कधीच नाही.

हुर्तो म्हातारा झाला तेव्हा ओल्वेच्या घरात दक्षिणेच्या बेटावरून सून आली. लिर्ने नाव तिचं. एका सकाळी ती किनाऱ्यावर शेवाळ गोळा करत होती आणि तो ओंडका शोधत तिथं आला. बाकीच्या बायका सवयीनं वरच्या अंगाला सरकल्या. ती नवीन होती, तिला ते ठाऊक नव्हतं. ती उलट जवळ आली.

“हुर्तोआजोबा तुम्हीच ना? काल नावं ऐकली. तुमच्या कुत्रीचं नाव सगळ्यांत आधी घेतात. आमच्याकडं असं नाही. आमच्याकडं जनावराला आत घेतच नाहीत. फार शहाणी असणार ती.”

तो उभा राहिला. समुद्र आत येत होता. तिच्या तोंडावर खरोखरच कौतुक होतं. त्याच्याकडं असं बघून कुणी बोललं नव्हतं, त्या एका संध्याकाळनंतर कधीच.

“होती,” तो म्हणाला.

“मोठा मान आहे हा.”

“हं,” तो म्हणाला.

ती हसून टोपली उचलून गेली. तो ओंडका न घेताच कड्याकडं चालू लागला. चढ चढताना थांबला, परत वळून खाली जावं आणि तिला सांगावं असं त्याला वाटलं. ती अजून दिसत होती. इतर बायकांपाशी पोचून ती हातवारे करत काहीतरी सांगत होती, आणि त्यातल्या तरण्या दोघी-तिघी मान वर करून त्याच्याकडं बघत होत्या. त्या वयाच्या कुणाला काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

जबडा गेला तो चुकून गेला होता, आईचा काढला तो घाबरून. या ‘हं’ला असं काहीच म्हणता येत नव्हतं. तो मान त्यानं पूर्ण शुद्धीत, दिवसाउजेडी, नुसता गोड लागला म्हणून गिळला होता.

तो उभा होता तोवर त्या बघत राहिल्या. मग त्यांतल्या एकीनं त्याला हात केला. हुर्तोनं तोंड फिरवलं आणि वर निघाला.